डिक्की उघडेना

माझी बायको गेली आणि वैनगंगेला न्यायच्या दिवशी सकाळी तिच्या अस्थी गाडीच्या डिक्कीत अडकल्या. हे सांगताना मला हसू येते. ज्याला वाईट वाटेल त्यानं वाटून घ्यावं. तीही हसली असती, माझ्यापेक्षा जास्त, पदर तोंडाला लावून.

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. मडक्यात भरून, पांढऱ्या फडक्यात बांधून झाडाला टांगतात आणि मग नदीत सोडतात. पण आमच्या गावात, मुर्रीत, आता माकडं फार झाली. गाठोडं दिसलं की त्यांना खायचंच वाटते. मागं एका घरच्या अस्थी माकडानं कौलावर नेऊन उघडून पाहिल्या होत्या. म्हणून राख सावडून आल्यावर माझा पोरगा म्हणाला, "बाबूजी, आईले डिक्कीत ठेवू. गाडी काई घर नोहे."

माझी बहीण म्हणाली, "अंगणात उभी हाये मंजे घरच झालं."

म्हणून गाडी फाटकाबाहेर काढली, शेजाऱ्याच्या धानाच्या तणशीच्या ढिगाजवळ. गाडी नवीन. बिजलीवर चालणारी. आवाज नाही, धूर नाही, मला तर ती चालू आहे की बंद हेच कळत नाही. तणस वाळलेली, कडकड वाजणारी. आणि अशा गाड्या उभ्या-उभ्या पेटतात हे मी पोराच्याच फोनवर पाहिलं होतं. मनात आलं, ही बाई एकदा जळली, आता दुसऱ्यांदा नको.

ट्रॅक्टर होता तोवर शेतातून आलो की बॅटरीची मायनसची तार सोडायची, ही माझी जन्माची सवय. तार सुटली की करंट मेला, मग निजा खुशाल. पोरगा दिवसभराच्या दगदगीनं आडवा झाला होता. मी दिवेलागणीच्या आत बोनट उघडलं, बॅटरी दिसली, ओळखीची, ट्रॅक्टरच्यापेक्षा लहान. चावीचं बटन दाबून दरवाजे लावले, दहाचा पाना घेतला, तार सोडली, वर फडकं गुंडाळलं आणि बोनट खाली पाडलं. मग पोटभर जेवलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

सकाळी पोरगा चावीचं बटन दाबे, गाडी ढिम्म. सून दुसरी चावी घेऊन आली. तिचंही तेच. दरवाजा उघडेना, डिक्की उघडेना. तिकडं तिच्या माहेरच्या घाटावर माझा मोठा साळा भटजीला धरून बसला होता. भटजीला दुपारी दुसऱ्या गावी लग्न लावायला जायचं होतं. तो निघून गेला तर सगळं उद्यावर. आणि तिला आणखी एक रात डिक्कीत ठेवायची माझी तयारी नव्हती.

मी हातोडी आणली. "काच फोडतो."

"बाबूजी!" सून गाडीला पाठ लावून उभी राहिली. "आधी सांगा, तुमी काई केलं का?"

"केलं."

"काय केलं?"

"मायनस काढला. कायले मंजे? पेटली असती मंग?"

पोरगा डोकं धरून जोत्यावर बसला. मग त्यानं मला समजावलं, जसा मी त्याला लहानपणी नांगर समजावत होतो तसं. "हिले दोन बॅटऱ्या हायेत. मोठी खाली बुडाशी, तिच्यावर गाडी पळते. समोरची लहान. दरवाजे, दिवे, गाडीचं डोकं, सारं लहानीवर. मोठीच्या तोंडाशी स्विच हायेत. लहानीचा करंट भेटला तरच ते जुळतात."

"मंजे मोठी भरून हाये?"

"काठोकाठ."

"अन् कामाची नाई."

"लहानी नसली तर नाई."

"आपल्या घरावानीच झालं," मी म्हणालो. सून तोंड फिरवून हसली. पोरगा हसला नाही.

"अन् आगीचं भेव तुमाले कायले? गाडी बंद केली की ते स्विच सोताच सुटतात, मोठी एकटी पडते. जोरात ठोकर लागली तर बारुदीचा फ्यूज फुटतो अन् मोठीची तारच तोडून टाकते."

"बारूद? अन् तू तिच्यात आईले ठेवलं?"

"चिमूटभर असते बाबूजी! फटाक्याएवढी!"

तेवढ्यात साळ्याचा फोन. सुनेनं उचलला, "निघालोच मामाजी," म्हणाली आणि ठेवला. मग तिनंच चावीच्या पोटातून एक लोखंडी पातं ओढून काढलं. म्हणजे चावीत चावी. पण घुसवायची कुठं? भोक दिसेना. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूच्या मुठीवरची एक टोपी पोरानं नखानं उचकटली, तिच्याखाली भोक. दरवाजा उघडला. बोनटचा खटका आत असतो, तो साध्या तारेनं ओढला जातो, त्याला करंट लागत नाही. हे ज्यानं केलं त्याला माझा रामराम.

"नारंगी तारेले हात लावू नका," पोरगा ओरडला. "ती मोठीची हाये."

"मी पांढऱ्या केसाचा हावो, आंधळा नाई," म्हणालो आणि मायनस माझ्या हातानं कसला. गाडी टुंग करून जागी झाली. डिक्की उघडली. मडकं तसंच होतं, फडक्याची गाठही माझीच. मी ते मांडीवर घेतलं आणि पुढं बसलो.

गाडी मात्र पुष्कळ विसरली होती. घड्याळ भलतंच दाखवून राहिलं होतं. काच खाली गेली ती एका बोटात वर येईना. पोरगा म्हणाला, करंट गेला की काचेलाही आपली हद्द पुन्हा शिकवावी लागते, बटन दाबून धरावं लागते. तो शिकवत गेला, मी मडक्याला वारा लागू नये म्हणून गमछा धरून बसलो.

घाटावर साळा कमरेवर हात ठेवून उभा. "जवाईबापू, बहिणीले जिती असताना कधी येळेवर माहेरी आणलं नाई. आताबी उशीरच?"

"आता तिनंच दरवाजा लावला होता," मी म्हणालो.

मग त्याला सगळं सांगितलं. तार, तणस, बारूद. आधी त्याचं पोट हललं, मग खांदे, मग तो रेतीतच बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी निघत होतं, ते हसण्याचं की बहिणीचं, मी विचारलं नाही. मलाही आवरेना. भटजी घड्याळ पाहत म्हणाला, "अहो, अस्थी सोडायच्या आहेत, काही लाज?"

"सोडतो ना महाराज," मी म्हणालो आणि हसतहसतच गुडघाभर पाण्यात उतरलो. गाठ सोडली, मडकं तिरपं केलं. पाणी चांगलं वाहत होतं. ती गेली तेव्हा साळ्याचं हसणं मागून ऐकू येतच होतं, आणि मी भटजीच्या दक्षिणेत लग्नाला जायच्या गाडीभाड्याचेही पैसे टाकले.