हवालदारीण काकूंचा डाव

हवालदारीण काकू खेळात लहान मुलांना कधीच जिंकू देत नसत. बदाम सात असो, मेंढीकोट असो, नाहीतर ओट्यावर खडूने आखलेला पट असो. समोर शाळेत नुकतंच जायला लागलेलं पोर असलं तरी त्या पूर्ण ईर्ष्येने खेळायच्या. पोराने भोकाड पसरलं की पदर खोचत म्हणायच्या, "खेळाय आलास तर खेळ. रडायला घरी आय हाय."

त्यांचा नवरा फौजेत हवालदार होता आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. काकू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा विनोद साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमच्याच चाळीत राहायचे. माझे वडील तिथल्या एका कारखान्यात लेथवर होते, आणि आम्ही मूळचे पलूसकडचे. चाळीतली काही घरं आमच्याकडे चहा घ्यायची वेळ आली की अजून घुटमळायची, उपवास आठवायची. काकू मात्र पहिल्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, "ताई, साखर जरा हात सोडून टाका की."

मी एकदा हरल्यावर चिडून विचारलं होतं, "काकू, तुम्ही मोठ्या असून आम्हाला एकदासुद्धा जिंकू का देत नाही?" त्या पत्ते पिसत होत्या. पिसता पिसताच म्हणाल्या, "माजा थोरला भाऊ मला रोज जिंकू द्यायचा. मला वाटायचं, आपुन लय हुश्शार. सासरी आल्यावर कळलं, कुणीच जिंकू देत न्हाई. तवा लय जड गेलं, पोरी."

त्या काळात पोरांमध्ये पैलवानांच्या कार्डांचं वेड होतं. परदेशी, केसाळ, रंगीबेरंगी चड्ड्या घातलेले पैलवान. कार्डावर फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, क्रमांक. दोघांनी आपापल्या गड्डीतलं वरचं कार्ड हातात धरायचं. ज्याची पाळी त्याने एक गोष्ट मागायची. "वजन!" म्हटलं की दोघांनी कार्डं उघडायची, ज्याचं वजन जास्त त्याला दोन्ही कार्डं. क्रमांक मागितला तर मात्र ज्याचा आकडा लहान तो जिंकायचा. खोटंखोटं खेळलं तर शेवटी ज्याची त्याला परत. खरंखरं खेळलं तर गेलं ते गेलं.

विनोद हा खेळ आईला शिकवायला गेला आणि पस्तावला. काकूंचं माहेर तालमीचं. त्या आधी प्रत्येक पैलवानाला नीट निरखायच्या. "ह्यो एवढ्या वजनाचा? फोटूत तर गालफाडं बसल्यात," म्हणून छापलेल्या आकड्याशी भांडायच्या. "ह्येच्या भाकरी थापताना बायकूचं कंबरडं मोडत आसंल बघ," असं म्हणून आम्हाला हसवायच्या, आणि आम्ही हसत असतानाच आमची कार्डं उचलायच्या.

चाळीच्या गणपतीत लिंबू-चमचा आणि संगीतखुर्चीबरोबर पोरांच्या हट्टाने कार्डांची स्पर्धाही सुरू झाली. खरंखरं खेळायची. आमच्या घरी गणपती बसत नसे, पण मंडपातल्या स्पर्धेत मी पहिल्या वर्षापासून होते. पोरांमध्ये एकटी पोरगी. त्या वर्षी विनोद दुसऱ्याच फेरीत सगळी कार्डं हरला. काकूंनी त्याला जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "कुठं चुकला ते ध्यानात हाय न्हवं? मग झालं." दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मायलेक उसनी कार्डं घेऊन ओट्यावर सरावाला बसायचे. खाऊचे पैसे साठवून विनोदने पुन्हा गड्डी जमवली. पुढच्या गणपतीची तो वाट बघत होता.

त्याआधीच आषाढात त्याला ताप आला. साधाच वाटला. मग उतरेना. मग एका सकाळी त्याचे डोळे फिरले आणि चाळीतल्या लोकांनी रिक्षातून त्याला दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत गेला, असं मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. हवालदारांना तार गेली. माझी आई रोज डबा घेऊन जायची. पुढचं तिने सांगितलेलं.

मधे दोन दिवस विनोदला बरं वाटलं. तो उशीला टेकून बसला आणि त्याने कार्डं मागितली. काकू कॉटवर मांडी घालून त्याच्याशी खेळायला लागल्या, आणि नेहमीसारख्याच जिंकायला लागल्या. शेजारच्या खाटेजवळच्या बाईला ते बघवेना. ती म्हणाली, "आवं बाई, आजारी लेकरू हाय. जिंकू द्या की एखादा डाव."

काकू तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जिंकू दिलं तर त्येला वाटंल, आपुन लय आजारी हाय."

दुसऱ्या दिवशी विनोद खरोखर जिंकला. काकूंच्या हातातलं शेवटचं कार्डसुद्धा त्याने घेतलं. आई डबा घेऊन पोचली तेव्हा काकू व्हरांड्यात येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला, झाडूवाल्या मावशीला थांबवून सांगत होत्या, "हरवलं मला त्येनं. म्या दिलं न्हाई हां. त्येनं हरवलं." त्यांना वाटलं, पोरगा सुटला यातून.

त्याच आठवड्यात विनोद गेला. हवालदार पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या वर्षी गणपतीत स्पर्धा झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी झाल्या. कार्डांच्या स्पर्धेची नावं पुकारायला सुरुवात झाली आणि काकू मंडपात आल्या. हातात रबर लावलेली विनोदची गड्डी. नावं लिहिणारा दादा गडबडला. "काकू, ही पोरांची स्पर्धा हाय."

"ठावं हाय. विनोदचं नाव लिव. त्येच्या जागी मी खेळते."

दादाने नाव लिहिलं.

काकू सतरंजीवर पोरांच्या रांगेत बसल्या. पहिला डाव त्या जिंकल्या, दुसरा जिंकल्या. सगळ्या मंडपाला बरं वाटत होतं. तिसऱ्या डावाला समोर चाळीतलाच संतोष होता. त्याच्या हातात सगळ्यात वजनदार पैलवानाचं कार्ड होतं, आणि त्याने मागितला क्रमांक, जो त्या कार्डावर अगदीच मागचा होता. कार्डं उघडली. काकूंनी त्याच्या कार्डाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हातातली गड्डी खाली ठेवली.

"संतोष, वर बघ. एवढा जाडजूड गडी हातात आन् तू क्रमांक मागतोस व्हय रं? तुला कुणी सांगितलं?"

संतोषने त्याच्या आईकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

काकू म्हणाल्या, "माजं पोरगं गेलंय. माजं डोस्कं न्हाई गेलं. खरं खेळणार आसलास तर खेळ, न्हाईतर मी उठते."

तो डाव त्यांनी पहिल्यापासून खेळायला लावला, आणि जिंकला. शेवटच्या डावाला समोर मी होते.

माझ्या मागे आई बसली होती. तिने माझ्या पाठीला हळूच चिमटा काढला. तिला काय म्हणायचंय ते मला कळत होतं. काकूंनी पहिलं कार्ड हातात धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की माझ्याकडून चुकीचं काही मागवेचना. मी वजन होतं तिथे वजन मागितलं, उंची होती तिथे उंची. काकूही हटत नव्हत्या. डाव इकडे जायचा, तिकडे जायचा. मग त्यांची गड्डी बारीक होत गेली आणि शेवटचं कार्ड उरलं. विनोदचं लाडकं, दाढीवाल्या धिप्पाड पैलवानाचं. मी छाती मागितली. माझ्या कार्डाची थोडी जास्त निघाली.

काकूंनी त्या कार्डाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि ते माझ्या हातात ठेवलं. उठून घरी गेल्या. बक्षिसाचा स्टीलचा डबा मी घेतला, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

घरी आई कधी नव्हे ती माझ्यावर ओरडली. "त्या माउलीकडं लेकराचं तेवढंच ऱ्हायलं हुतं. जा, आत्ताच्या आत्ता परत दिऊन ये."

मी गेले. काकू दिवा न लावता चुलीपाशी बसल्या होत्या. मी गड्डी पुढे केली तर म्हणाल्या, "जिंकलेलं परत देत्यात व्हय कुटं? बस हितं." मी बसले. त्या बोलायला लागल्या. "वरीसभर सगळी मला जिंकू देत्यात गं. नळावर गेलं की बाया बाजूला हुत्यात, 'तुमी भरा आदी' म्हंत्यात. भांडाण काढलं तरी कुणी उलटून बोलत न्हाई. दुकानदार बी मापाच्या वर चिमूटभर टाकतोय. मला वाटाय लागलं, मीबी मेलीया काय विन्यासंगं. आज तू खेळलीस." आणि मग त्या रडल्या. विनोद गेल्यापासून चाळीत कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी तेवढीशी पोर, काय करणार? त्यांच्या गुडघ्याला टेकून बसून राहिले. शेवटी तोंड धुऊन त्या म्हणाल्या, "कपाटात ठिवून पुजू नगंस ती. खेळ."

मी खेळले. दोनेक वर्षांत त्यातली बरीच हरले, उरलेल्यांची छपाई उडाली.

हवालदार पेन्शनीत आले आणि दोघं फलटणजवळच्या त्यांच्या गावी निघून गेले. टेम्पोत भांडी चढवताना काकू चाळीतल्या सगळ्या बायकांशी बोलल्या, आणि नळावरून एकीशी कडाकडा भांडल्याही. भांडणात ती बाईही मागे हटली नाही. टेम्पो निघाला तेव्हा काकूंचा चेहरा टवटवीत दिसत होता.

मी कॉलेजात गेल्यावर एकदा मैत्रिणीच्या लग्नाला फलटणला गेले, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी उतरले. उसाच्या कडेला घर होतं. हवालदार रानात गेले होते. काकू दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे, मनगटं बारीक झालेली. मी नाव सांगितलं तशा धडपडत उठल्या. चहा झाला, आईची चौकशी झाली, चाळीतल्या एकेकाची झाली. विनोदचं नाव दोघींनीही काढलं नाही.

मी निघाले तशा त्या म्हणाल्या, "थांब. हितं भिताडाला लागून हुबी ऱ्हा बगू."

मी उभी राहिले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तू आन् विन्या एका वर्साची," त्या म्हणाल्या. मग हात वर करून त्यांनी तळवा माझ्या डोक्यावर आडवा धरला, आणि अंदाज घेत तो आणखी थोडा वर नेला. "आमच्या घरात समदी उंच. म्हंजी एवडा झाला आसता."

त्या तिथे, रिकाम्या जागेवर हात धरून उभ्या राहिल्या. रस्त्यावर एसटी आली, हॉर्न वाजवून निघून गेली. मी भिंतीपासून हलले नाही.