रंगाऱ्यांच्या वतीने हो कोण म्हणालं?

माझ्या धाकट्या बहिणीचं दुकान बघाल तर हसाल. दारात उभं राहून काठी पुढे केली तर समोरच्या भिंतीला लागेल, एवढीशी खोली. त्यात शेगडीवर दोन मोठी पातेली आणि वर दोऱ्यांवर ठिबकणारे कोट, पडदे. विटलेले कपडे लोकांनी आणायचे आणि हिने ते पुन्हा रंगवून द्यायचे. आमचे मेहुणे तिच्या हाताखाली. मनाने सोनं, पण भांडणाचं नाव काढलं की म्हणणार, "जाऊ दे ना." गल्लीने त्यांचं नावच पाडलं होतं, जाऊदे.

तर एक दिवस सरकारी माणूस येऊन सांगून गेला की नवा नियम होतोय. प्रत्येक रंगाऱ्याने सांडपाण्यासाठी आपल्या दुकानात पक्की टाकी बांधायची, नाहीतर दुकानाला कुलूप. टाकीचं माप ऐकून बहीण म्हणाली, "दादा, टाकी काही दुकानात मावायची नाही. दुकान मात्र टाकीत मावेल!" हसली खरी, पण हसता हसता पातेल्यातला पडदा ढवळायचा राहिला आणि त्यावर डाग पडले. तिच्या हातून असं कधी होत नाही.

घाण पाणी नदीत सोडा असं मी म्हणत नाही हो. पण ज्याचं पोट त्या पातेल्यावर आहे, त्याला विचाराल की नाही?

विचारायचं म्हणून सुनावणी ठेवली, तीही भर कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. ऐन पातेलं उकळायची वेळ! तरी रंगाऱ्यांची सगळी गल्ली दुकानं बंद करून गेली. मीही गेलो. असली संधी मी सोडतो होय! पुढे लांब टेबल, त्यामागे साहेब, आणि साहेबांच्या शेजारी गावाबाहेरच्या मोठ्या रंगकारखान्याचे मालक. आम्हाला मागची बाकं.

बहीण उठली. "साहेब, आमची हरकत आहे."

"बाई, छोट्या रंगाऱ्यांची संमती केव्हाच आली," साहेब म्हणाले. "तुमच्या प्रतिनिधींनीच दिली." आणि त्यांनी मालकांकडे हात केला.

ऐका आता! ज्याच्या कारखान्यात आमची अख्खी गल्ली धुऊन वाळत घालता येईल, तो म्हणे छोट्यांचा प्रतिनिधी! आमची दुकानं मिटली की गिऱ्हाईक कुणाकडे जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. माझं डोकंच फिरलं.

"यांना नेमलं कुणी?" बहीण कडाडली. "ज्याने नेमलं त्याने उभं राहावं!"

आणि काय सांगू, शेवटच्या बाकावरून आमचे मेहुणे हळूच उभे राहिले.

"तुम्ही?"

"अगं, मागे हेच साहेब नियम ठरवायच्या समितीसाठी आपल्यातला माणूस मागायला गल्लीत आले होते. कुणालाच सवड नव्हती. म्हटलं, मालकांकडे गाडी आहे, त्यांना कागदी भाषा कळते, जाऊ दे त्यांनाच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू गच्चीवर पडदे वाळत घालत होतीस."

लोक खो खो हसले. बहीण हसली नाही. "अहो, आपलं हो तुम्हीच त्यांच्या हाती दिलंत, आता तुम्हीच परत घ्या," म्हणाली आणि खाली बसली.

मेहुण्यांना घाम फुटला. जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही! पण वळले मालकांकडे. "शेठ, हो म्हणण्याआधी गल्लीत एकदा तरी आलात का?"

"अहो, वेळ कुठे मिळतो?"

"वेळ आम्हालाही नव्हता, म्हणून तर तुम्हाला पाठवलं! तुमचं ते हो आम्ही मागे घेतो."

"तशी तरतूद नाही," साहेब म्हणाले.

"मग आम्ही इथे जेवढे आहोत तेवढे एकेक करून नाही म्हणतो. घ्या लिहून."

"जेवणाची वेळ झालीय हो."

"जेवून या सावकाश. आम्ही बसलोय."

आणि खरंच एकेक जण उठला. कुणी अडखळलं, एकाने तर मधेच आपल्या घरमालकाचं गाऱ्हाणं घुसडलं, पण सगळं लिहून घ्यावं लागलं. शेवटी बहिणीने सांगितलं, गल्लीच्या टोकाला सगळ्यांची मिळून एकच टाकी होऊ द्या, आम्ही बांधतो.

ते मंजूर व्हायला वर्ष सरत आलं. कचेरीच्या दर फेरीला तिचं दुकान बंद. संताप येतो तो याचाच! मोठ्यांची माणसं पगार घेऊन बैठकांना बसतात, आणि हिने दुकान वाचवायला दुकानच बंद ठेवायचं. पण टाकी झाली आणि दुकान राहिलं.

मग समितीवर बहिणीला घेतलं. मालकांना मात्र ठेवलंच! पहिल्या बैठकीला मी सोबत गेलो आणि दाराबाहेर बसलो. टेबलाभोवती सगळे साहेब लोक, आणि हिची खुर्ची लांब, भिंतीला टेकवलेली. तिने ती उचलली नाही. फरशीवरून करकर ओढत नेली आणि साहेब अन् मालकांच्या मधोमध घुसवली.

"जरा सरका हो," ती म्हणाली. "आणि बाकीचं मग, आधी हे बोला. पुढची बैठक संध्याकाळी ठेवताय की नाही?"