‘शेअर करा’ म्हणत अंबाजोगाई ते चकलांबा

हुरडा खायला गेवराईकडं जायचा विचार असेल तर आधीच सांगते, माझं बघून काही करू नका. गाड्या, रस्ता, खाणं याबद्दल खाली लिहिलंय ते कामाचं आहे. बाकी मी जे केलं त्याबद्दल अजून स्वतःवरच चिडलेली आहे.

अंबाजोगाईत आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. सवड मिळाली की मी फिरते, लिहिते, व्हिडिओ टाकते. धाकटी बहीण सुनंदा चकलांब्याला दिलेली. तिचे यजमान महादेवराव चाकणला कंपनीत, सुनंदा आणि लेक गावी. दोन महिन्यांतून एकदा भेट. यंदा दोघांनी ठरवलं की दहा गुंठ्यांत हुरड्याची ज्वारी लावायची, लिंबाखाली बाजा टाकायच्या, बीड-संभाजीनगरची माणसं बोलवायची, माणशी तीनशे रुपये. जमलं तर महादेवराव नोकरी सोडून गावातच राहणार. त्यासाठी ते पंधरा दिवसांची रजा काढून आलेही होते. पण हुरडा काही आपल्या सोयीनं थांबत नाही. आठ-दहा दिवस, मग दाणा टणक झाला की ती नुसती ज्वारी. म्हणजे सगळी मदार एका रविवारावर.

व्हिडिओ मीच केला होता, अडीच मिनिटांचा. सुरुवातीला सुनंदा पदर सावरून हात जोडते, “या बरं का आमच्या शेतात हुरडा खायला. समद्यांनी या, पोरंबाळं घेऊन या.” ही वाक्यं माझीच, मी तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतली होती. मग महादेवराव आगटीत कणसं भाजतात, गरम कणीस हातावर चोळतात. शेवटी दर, पत्ता, फोन नंबर. तीन दिवस झाले तरी तो आमच्या घरच्यांशिवाय फारसं कुणी उघडला नाही. सुनंदाचा फोन आला, “आक्का, बीडच्या एका बँकवाल्यांचा तेवढा फोन आला. बाकी कुणाचाच न्हाई.” मी म्हटलं, थांब, मीच निघते आणि एकेकाला समोर बसवून शेअर करायला लावते.

शुक्रवारी सकाळी बीडची गाडी धरली. केज, मांजरसुंबा करत तीन तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट, पण खिडकी हवी असेल तर स्टँडवर लवकर जा. शेजारी केजला चाललेल्या एक मावशी होत्या. त्यांना फोनवर व्हिडिओ दाखवला, आवडला. म्हटलं, “लिंक पाठवते, तुमच्या ग्रुपवर टाका.”

“नको बाई,” त्यांनी फोन पदराखाली घेतला. “लिंक दाबली की बँक खाली होती. आमच्या पोरानं बजावलंय.”

मी म्हटलं, अहो ही माझी लिंक आहे. त्या म्हणाल्या, “तेच तर. समदे असंच म्हणतेत.” मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाल्ली आणि आणखी चौघांना विचारलं. चौघांनीही भजी खात मान हलवली. व्हिडिओ चांगला हाय म्हणाले, पुढं मात्र एकानंही पाठवला नाही. डोकं अगदी फिरलं होतं.

बीडला स्टँडजवळ शिवानंदचं मोबाइलचं दुकान आहे. शिवानंद म्हणजे माझा मामेभाऊ. त्याच्यासमोर मी सगळा राग काढला. तो हसला.

“आक्का, लिंक कोण दाबतंय गं आता? आन् अडीच मिनिटं कुणाला येळ हाय? थांब.” त्यानं व्हिडिओ उतरवून घेतला, पहिली तीस सेकंदं तेवढी ठेवून बाकीचा कापला आणि स्टेटसला लावला. “आता बघ, पाव्हण्यारावळ्यांत कसा पळतोय.”

खरंच पळाला. तासाभरात नेकनूरच्या आत्याचा मेसेज आला, मग गेवराईहून सुनंदाच्या नणंदेचा. मला इतका आनंद झाला की मीही तोच तुकडा दिसेल त्याला पाठवत सुटले आणि वर प्रत्येकाला लिहिलं, ‘तुमच्या सगळ्यांना पाठवा.’ तीस सेकंदांत काय उरलं आणि काय गेलं हे बघायची बुद्धी मला झाली नाही. शनिवारी गेवराईला गाडी बदलली. चकलांब्याच्या गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी विचारून ठेवा. दुपारी पोचले तर सुनंदानं सहा बाजा धुऊन मांडलेल्या, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी कुटून ठेवलेली, दह्याला विरजण लावलेलं. महादेवराव बांधावर लाकडी पाटी ठोकत होते. चाकणच्या साहेबाला काय सांगायचं हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

रविवारी नऊ वाजता पहिला टेम्पो आला. त्यातून महादेवरावांचे मामा उतरले. मागोमाग मामी, तीन सुना, नातवंडं, शेजारचे दोघं, असे चौदा जण. मामींच्या हातात नारळ आणि सुनंदासाठी ब्लाऊजपीस.

“लई मान दिलास पोरी,” मामा म्हणाले. “नुसता फोन केला असता तरी आलो असतो. तू तर हात जोडून आवतण धाडलंस.”

मी फोन काढून तो तुकडा पहिल्यांदाच नीट बघितला. आपल्याकडं हुरड्याला बोलावतात, हुरडा विकत नाहीत. हात जोडून, पोरंबाळं घेऊन या म्हटल्यावर ते आमंत्रणच झालं. दर तर शेवटी होता, कापलेल्या दोन मिनिटांत. दहा वाजता नणंद सासरच्या गोतावळ्यासह आली, अकराला नेकनूरची आत्या. शिवानंद स्वतः सात जण घेऊन आला आणि मलाच म्हणाला, “बघ आक्का, कसा पळाला!” दुपारपर्यंत पासष्ट माणसं बाजांवर, बांधावर, कडब्यावर बसली होती. सुनंदाचे एक चुलत दीर तर रुसून आले होते, त्यांना म्हणे व्हिडिओ दुसऱ्याकडून मिळाला. सुनंदा प्रत्येकाला ‘बसा’ म्हणत होती. महादेवराव आगटीपुढून हलले नाहीत. हुरडा मात्र फार सुरेख होता, हे लिहिलंच पाहिजे. कोवळा, गोडसर, दह्याबरोबर खावा असा.

बीडचे बँकवाले बारा वाजता आले, बायको आणि दोन मुलांसह. फोन करून आलेले, दर माहीत असलेले तेवढेच. पोटभर खाऊन त्यांनी बाराशे रुपये काढले आणि महादेवरावांपुढं धरले. ते मामांनी पाहिलं.

“हे काय? हुरड्याचे पैसे?” त्यांनी नोटा घेतल्या आणि त्या माणसाच्या खिशात परत कोंबल्या. “आमच्या भाच्याच्या शेतात कोण पैसे देतंय? तुमी पाव्हणे हायत.”

बँकवाले महादेवरावांकडं बघायला लागले. महादेवराव मामांकडं. लहानपणी त्याच मामांनी त्यांना सांभाळलेलं, शाळेत घातलेलं. ते हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साहेब.” मला ओरडावंसं वाटत होतं, पण पाहुणी म्हणून आलेल्या मेव्हणीनं काय ओरडायचं? जाताना रिवाजाप्रमाणं प्रत्येकाला पिशवीभर कणसं वानोळा म्हणून दिली. ती मीच भरत होते, दातओठ खात. संध्याकाळी दहा गुंठ्यांत कणसं खुडलेली धाटं तेवढी उभी होती.

सोमवारी महादेवराव आणि मी एकाच फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. ते नगरमार्गे चाकणला, मी बीडला. रजा चार दिवस शिल्लक होती, पण थांबून करायचं काय? मी म्हटलं, “माझ्यामुळं झालं हे.”

“न्हाई आक्का,” ते म्हणाले. “व्हिडिओ चांगला झालता.”

त्यांनी चिडायला हवं होतं.

आता घरी येऊन आठवडा झालाय. कुणाला खरंच जायचं असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारी बरा, जवळ पाण्याची बाटली ठेवा, डोक्याला रुमाल बांधा आणि पैसे देताना आजूबाजूला मामा नाहीत ना ते बघा. दर व्हिडिओच्या पहिल्या वाक्यात सांगायचा असतो, ही अक्कल मला आली आहे. पण त्याचा सुनंदाला उपयोग काय?

काल वैतागून मी तो व्हिडिओ काढून टाकायला निघाले होते. आधी तिला फोन केला.

“काढू नगंस आक्का,” ती म्हणाली. “त्यात ते कणसं भाजतेत, हसतेत. पोरगी शाळेतनं आली की पयलं तेच लावती.” मग जरा थांबून म्हणाली, “मी बी बघते.”

व्हिडिओ तसाच ठेवलाय. तुम्हाला कुठं सापडला तर बघा, हरकत नाही. पण हात जोडून सांगते, कुणालाही शेअर करू नका.