फ्राऊ लिन काय म्हणाल्या होत्या

विमानतळावर बाबांनी माझी फाईल पुन्हा एकदा उघडून पाहिली. कमर्शियल पायलटचं लायसन, लॉगबुक, मेडिकल. "तिकडे गेल्यावर आधी हे बदलून घे," म्हणाले. पत्रिकेत अपघाताचा योग आहे असं गुरुजींनी सांगितलं, तेव्हा ती कपाटात टाकून मला धुळ्याला विमान चालवायला शिकायला पाठवणारे हेच बाबा. २००३ साल होतं. आपल्याकडे नोकरी मिळेना. ब्राउनश्वाइगच्या इंजिनिअरचं, संदीपचं, स्थळ आलं, आणि जर्मनीत उडायला मिळेल या आशेवर मी हो म्हटलं.

इथे परीक्षा पुन्हा द्यायच्या होत्या. मी फॉर्म भरून ठेवला. संदीप म्हणायचा, "आधी सेटल होऊ." तेवढ्यात मला दिवस गेले.

खालच्या मजल्यावर फ्राऊ लिन, म्हणजे लिनबाई, राहायच्या. निवृत्त चिनी शिक्षिका, तीस वर्षं जर्मनीत. जन्मवेळेवरून त्या चिनी पंचतत्त्वं मांडत: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. एका रविवारी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं आणि माझी मांडणी केली. मला जर्मन नमस्कारापुरतंच येत होतं. त्या माझ्याकडे बघून बराच वेळ बोलल्या, संदीप 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', म्हणत राहिला.

जिना चढताना त्याने मला मराठीत सांगितलं. "तू धातूची आहेस म्हणे. नशिबात अग्नी फार, आणि अग्नीत धातू वितळतो. आकाशात जाऊ नको म्हणाल्या."

एरवी गुरुजींच्या भविष्याला हसणारा संदीप हे सांगत होता. त्यातून गुरुजी आणि फ्राऊ लिन, दोघांचं एकच निघालं. पोटावर हात ठेवून मी घाबरले. फॉर्म पाठवला नाही.

रेवा झाली. बाबा फोनवर विचारायचे, "लायसनचं कुठवर आलं?" मी म्हणायचे, "चाललंय." मग त्यांनी विचारणं सोडलं.

रेवा किंडरगार्टनला जायला लागली तोवर मी जर्मन शिकले होते. फ्राऊ लिन वृद्धाश्रमात निघाल्या, त्यांची खोकी बांधायला मी गेले. त्यांनी सहज विचारलं, "हल्ली कुठे उडतेस?"

मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणाला होतात."

त्या खोक्यावर बसल्या. "मी? मी म्हटलं होतं, तुझा धातू बळकट आहे. अशा धातूला अग्नी लागतोच, त्याशिवाय त्याची तलवार होत नाही. हिला लवकर उडू दे, असं तुझ्या नवऱ्याला दोनदा सांगितलं."

संध्याकाळी मी संदीपला विचारलं. तो बूट काढत होता. "तेव्हा तू माझं ऐकलं नसतंस. बाळ होतं पोटात. बरं, आता त्याचं काय?"

लायसनची मुदत केव्हाच संपली होती. मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "मला एकदा विचारायचंस ना गं."

भविष्यावर माझा राग नाही. एका परक्या बाईने माझं आयुष्य नीट वाचलं होतं. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण मधला माणूस माझाच होता, माझ्याच भाषेतला. तुम्ही सगळे भारतातून विचारता, घराची आठवण येते का. येते. घर म्हणजे माझ्यासाठी एवढंच, की कुणी काही सांगितलं तर ते खरं मानता यावं. इथे माझा संसार आहे, मुलगी आहे. पण दारात येणारं प्रत्येक पत्र आता मी स्वतः उघडते आणि स्वतः वाचते.