म्बुया सेकेसाईच्या डब्यातली कार्डं

म्बुया सेकेसाई आमच्या वस्तीची आरोग्यसेविका. वय चौसष्ट, शिक्षण चौथीपर्यंत, सरकारी सायकल एक, आणि त्या सायकलीचा ब्रेक म्हणजे तिच्या पायातली चप्पल. म्बुया म्हणजे आजी. सख्खं नातवंड तिला एकही नाही, पण अख्खी वस्ती तिला आजीच म्हणते. मी इथल्या शाळेतला मास्तर. तिची नजर अधू झाल्यापासून तिच्या नोंदवह्या मी लिहितो, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

महामारीच्या दुसऱ्या वर्षी लस आली. मी ती हौसेनं घेतली असं सांगितलं तर खोटं होईल. शिक्षकांना हुकूम आला, टोचून घ्या नाहीतर शाळेत पाऊल टाकू नका. चार दिवस तणतणलो, पाचव्या दिवशी निमूट बाही वर केली.

पांढऱ्या झग्यांच्या पंथाची गोष्ट वेगळी. हे लोक उघड्या माळावर, दगडांच्या रिंगणात, अनवाणी प्रार्थना करतात. दवाखाना नाही, गोळी नाही, सुई तर नाहीच. त्या थंडीत त्यांची तीन माणसं आम्ही पुरली. त्यानंतर त्यांच्या बायका म्बुयाकडे येऊ लागल्या. तिचं घर गिरणीला लागून. डोक्यावर मक्याची बादली घेऊन निघालेल्या बाईला कोण हटकणार? दर गुरुवारी दवाखान्यातली नर्स म्बुयाच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. पुढे मका दळला जाई, मागे दंडात सुई.

अडचण होती ती कार्डाची. घरी नेलं की कुणाच्या तरी हाती लागणार. म्हणून म्बुया ती कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि प्रत्येकीला सांगायची, "तू मागितल्याशिवाय हे बाहेर येणार नाही."

ऑगस्टपर्यंत डब्यात एकोणीस कार्डं झाली. त्यातलं एक बाईचं नव्हतं. एका गुरुवारी पंथाचे प्रमुख जोथाम, ज्यांना सगळे आदरानं मद्झिबाबा म्हणत, स्वतः बादली घेऊन गिरणीवर आले. पुरुष दळण घेऊन आलेला पाहून गिरणीवाला हसला, तर म्हणाले, "बायकोची कंबर धरलीय." मग मागच्या दारानं आत आले आणि बाही वर केली. नाव लिहायचं सोडून मी त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

"मास्तर, लिहा आणि विसरा," म्बुया म्हणाली.

लिहिलं खरं, विसरणं काही जमलं नाही.

मग कौन्सिलचा नियम आला. सोमवारपासून बाजारात गाळा हवा असेल तर फाटकावर कार्ड दाखवा. मला मनातून बरं वाटलं. कालपर्यंत लशीची टिंगल करणाऱ्या कांदेवाल्या तीन दिवसांत दवाखान्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या.

"पाहिलंत? हुकमाशिवाय माणूस हलत नाही," मी म्हणालो.

"गुरं औषधाच्या हौदात ढकलता येतात, मास्तर," म्बुया म्हणाली. "गोचीड मरते, हे खरं. पण पुढच्या वेळी तेच जनावर हौद दिसला की दावं तोडतं."

"आणि तोवर माणसं मेली तर?"

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

डब्यातल्या तिघींचे बाजारात गाळे होते. कार्ड दाखवण्यापेक्षा दोघींनी ते सोडले. तिसरी शुविराई, टोमॅटो आणि पालेभाजी विकणारी. नवरा दक्षिणेकडे खाणीत गेला तो गेलाच, घरात तीन पोरं. पंथाबाहेर काढलेल्या बाईच्या चुलीपाशी कुणी फिरकत नाही, आणि गाळा गेला तर ती चूलच पेटत नाही. रविवारी ती म्बुयाकडे आली आणि हात पुढे केला.

"द्या म्बुया. हळूच दाखवीन, हळूच खिशात घालीन."

"पोरी, विचार केलायस?"

"पोटानं केलाय."

फाटकावरचा कारकून स्वभावानं वाईट नव्हता. तिच्या डोक्याचं पांढरं फडकं आणि हातातलं कार्ड पाहून त्याला भरून आलं. कर्णा उचलून तो साऱ्या बाजाराला ऐकवू लागला, "बघा, पांढऱ्या झग्यातली आपली ही बहीण! हिच्याकडून शिका. टाळ्या वाजवा!" गाढवाला वाटलं, आपण तिचा सत्कार करतोय. दुपारपर्यंत माळावर निरोप पोचला होता.

शनिवारी तिला रिंगणात बोलावलं. म्बुया आणि मी वहाणा काढून बाहेर झाडाखाली बसलो. बाहेरच्यांना तेवढी मुभा असते. मद्झिबाबा जोथाम मधोमध उभे होते, हातात लांब काठी. एका म्हाताऱ्यानं शुविराईला विचारलं, "सुई घेतलीस?"

"घेतली."

"कुणी बळजबरी केली का?"

ती हो म्हणाली असती तर सुटली असती. कौन्सिलचं नाव पुढे करणं सोपं होतं.

"नाही. बाजाराचा नियम नंतर आला. मी त्याच्या आधी, माझ्या मनानं घेतली. मला पोरांसाठी जगायचंय."

म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. जोथामांनी जमिनीकडे बघत निकाल दिला, "झगा उतरव आणि रिंगणाबाहेर बस." तिनं आतल्या साध्या कपड्यांवरचा झगा काढला, घडी घालून दगडावर ठेवला आणि बाहेर येऊन मातीत बसली.

निकाल देणाऱ्याचं स्वतःचं कार्ड आमच्याच डब्यात होतं. म्बुयाच्या कानाशी लागून म्हणालो, "बोला. नाहीतर मी बोलतो."

तिनं माझं मनगट धरलं. सायकल दामटून दामटून तिची पकड लोखंडी झालीय. "ते कार्ड तुमचंय का?" ती पुटपुटली. "की माझंय?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला म्बुयाचा राग आला. तिनं दिलेला शब्द राहावा म्हणून शुविराई एकटी उघडी पडली, असं वाटलं. म्बुयानं जोथामांकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोही धाकच झाला असता.

पुढचं भजन सुरू व्हायचं होतं, पण जोथाम सुरुवात करेनात. लोक वाट पाहत राहिले. मग त्यांनी काठी शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात दिली, झगा डोक्यावरून ओढून काढला आणि शुविराईच्या झग्याशेजारी ठेवला. रिंगण ओलांडून ते बाहेर आले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मातीत बसले. आत एक पोर रडायला लागलं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

शुविराईनं त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "हात दुखला होता का, मद्झिबाबा?"

"दोन दिवस," ते म्हणाले.