तुळसाचा पाळणा कंप्युटरमध्ये चढवताना

टेप फिरायला लागली की गाणं सुरू होण्याआधी तिच्यातून एक आवाज येतो. फस्स्स. पॉपलीनचं नवं थान टेबलावर हलकेच उलगडावं, तसा. त्या आवाजाला ना सूर, ना अर्थ. तरी पलीकडे कुणीतरी बसलेलं आहे, आता श्वास घेईल, आता तोंड उघडेल, एवढं त्यातून कळतं. माझी बायको तुळसा जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी ती टेप एकदाही लावली नव्हती. भीती वाटायची. तुम्ही म्हणाल, आवाजाची कसली भीती? फोटोची नाही वाटत मला. फोटो गप्प बसतो.

आमच्या घरात बारशाला म्हणतात तो पाळणा पुस्तकातला नाही. सासर-माहेरच्या होऊन गेलेल्या बायकांची नावं एकेका कडव्यात ओवलेली असतात आणि घरातली मोठी बाई तो म्हणते. तुळसाला अकराच्या अकरा कडवी पाठ होती, मराठीत म्हणता म्हणता मधेच एखादी कन्नड ओळ. कुणी लिहून घेतली नाहीत. ती आहे की, लिहायचं कशाला, असं सगळ्यांना वाटायचं. माणूस नेहमी असणारच, असं आपण कुणाच्या भरवशावर धरून चालतो? नात अश्विनीच्या बारशाआधी तुळसाचा घसा खवखवायला लागला, तेव्हा ऐनवेळी आवाज बसला तर असावा, म्हणून तिनं दुपारी दार लावून पाळणा टेपवर म्हणून ठेवला. बारशाला आवाज ठणठणीत लागला आणि टेप दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात गेली ती गेलीच. आता अश्विनीलाच मुलगी झाली. बाळंतीण शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीच्या घरात, मी इकडे जुन्या पेठेत, बळेपेटेत. फोनवर म्हणाली, "अज्जा, बारशाला अज्जीचाच पाळणा पाहिजे. दुसरा कुठला नको." तीस वर्षांची टेप तिथं नेऊन लावायची आणि ऐनवेळी ती अडकली तर? म्हणून आधी कंप्युटरमध्ये चढवायची ठरली.

त्यासाठी तिनं एक काळी डबी पाठवली, काड्यापेटीएवढी. एका अंगानं लाल-पांढऱ्या वायरी टेपरेकॉर्डरच्या पाठीत खुपसायच्या, दुसऱ्या अंगाची वायर कंप्युटरला. टेपमधला आवाज डबीतून कंप्युटरात उतरतो म्हणे. कंप्युटर अश्विनीनंच वापरून टाकलेला, मांडीवर मावणारा. मी चौथी शिकलेला शिंपी. पण वायर म्हणजे दोराच की. रिळातून निघतो, सुईत येतो. तिनं सांगितलं तसं लाल गोल दाबलं, टेप लावली.

आणि ती आली. दोन वर्षांनी. खोलीत कुठंच नव्हती आणि खोलीभर होती. मी काय करत होतो, कुठं बघत होतो, मला सांगता यायचं नाही. अकरा कडवी संपली तेव्हा चहावर साय धरली होती.

ते अश्विनीला पाठवलं. थोड्या वेळानं तिचा फोन. "अज्जा, यात कुकरच्या शिट्ट्या आहेत."

"शेजारच्या घरच्या."

"आणि तुम्ही गाताय."

"मी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आमच्यात पुरुष पाळणा म्हणत नाहीत."

"प्रत्येक कडव्याच्या शेवटी जो जो म्हणताय, अज्जा. बेसूर."

मी लावून ऐकलं. खरंच. तुळसाच्या मागोमाग एक घोगरा म्हातारा. पन्नास वर्षांच्या संसारात ती स्वयंपाकघरात गायची आणि मी मशीन चालवताना ओरडायचो, अगं बास की, मापं चुकतात माझी. आणि आता हे!

अश्विनी म्हणाली, कंप्युटरनं डबीचा आवाज घेतलाच नाही, स्वतःच्याच कानानं खोलीतलं ऐकलं. यादीत डबीचं नाव निवडायला हवं. यादी उघडली तर नावच नाही. "स्वल्प थांबा, वायर काढून परत लावा." लावली. नाही. मशीन टाका सोडायला लागलं की आपण काय करतो? मशीनला शिव्या घालत नाही. रिळापासून सुईपर्यंत दोरा बोटानं चाचपत जातो. तसाच गेलो. टेपरेकॉर्डरची पाठ बरोबर. डबी बरोबर. कंप्युटरची खाच जरा ढिली लागली. वायर दुसऱ्या अंगाच्या खाचेत घातली आणि यादीत डबीचं नाव उमटलं. मी टेप न लावता खोकून बघितलं; पडद्यावरची हिरवी पट्टी हलली नाही. म्हणजे आता तो माझं ऐकत नव्हता. सरी, जमलं!

यावेळी ओठांत दोन टाचण्या धरून बसलो, काज करताना धरतो तशा. तोंड उघडायची सोयच नको. तिसऱ्या कडव्यात, माझ्या सासूबाईंच्या नावापाशी, आवाज खोल गेला, मग गेलाच. टेपरेकॉर्डरनं टेप गिळली होती. तपकिरी फीत चाकाला गुंडाळून चुण्या पडलेली, दोन ठिकाणी तुटलेली. कात्रीनं सरळ कापून, चिकटपट्टी लावून जोडली. इतकी वर्षं फाटलेलं जोडलंय मी. पण चुरगळलेल्या फितीवर इस्त्री चालत नाही. तुळसाच्या जागी नुसती खरखर.

अश्विनीला म्हटलं, "मग पहिल्यातून मला काढून टाक. तुमच्या कंप्युटरला सगळं येतं ना?"

ती म्हणाली, "नाही येत, अज्जा."

खरं की खोटं, मी विचारलं नाही.

बारशाच्या दुपारी मारतहळ्ळीच्या त्या आठव्या मजल्यावर बायका पाळण्याभोवती बसल्या. अश्विनीनं कंप्युटर लावला. पहिल्या कडव्याच्या शेवटी मी ऐकू आलो तशा सगळ्या खुसखुसल्या. अश्विनीची मावससासू बोललीच, "अण्णा, तुळसाअक्का असताना कधी गायला नाहीत ते!" मला तिथं बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून उठलो आणि दाराबाहेर चपलांपाशी उभा राहिलो. दुसरं कडवं झालं. तिसऱ्यात सासूबाईंचं नाव आलं, स्वच्छ, न अडखळता. कुणी हसत नव्हतं आता. मघापासून रडणारं बाळही थांबलं असावं.

मी बाहेर उभा होतो, आणि आत आम्ही दोघं गात होतो.