डग्ग्याचे पोचे

माझ्या जिभेला हाड नाही असं सासरी सगळे म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारणीशी, दूधवाल्याशी, वेळ आली तर नवऱ्याशीही मी दोन शब्द जास्तच बोलायचे. पण जिथं बोलायला हवं होतं तिथं मात्र दहा वर्षं मूग गिळून बसले. ते कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

धुळ्याला देवपुरात आमचं घर होतं. नवरा चाळीसगावला नोकरीला, आठवड्यातून एकदा यायचा. घरी मी, माझी मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना सगळी आळी आबा म्हणायची. त्यांच्याकडे तांब्याचा एक डग्गा होता, गुरूनं दिलेला. उजव्या हाताचे तबले त्यांनी आयुष्यात तीन-चार बदलले असतील, डग्गा हाच. दर गुरुवारी आमच्या ओसरीवर भजन व्हायचं आणि आबांचा डावा हात ऐकायला पांझरा नदीपलीकडून माणसं यायची. घरात त्यांना एरवी कशाचा सोस नव्हता. ताटात काय वाढलं तेसुद्धा बघायचे नाहीत.

तांबं मऊ. कुठं आपटलं की पोचा पडतो आणि पोचा पडला की घुमारा बिघडतो. शिवाय खंडेनवमीला विळा-कोयत्यांशेजारी डग्ग्याचीही पूजा व्हायची आणि पोचलेली वस्तू पूजेत ठेवायची नाही, असा आबांचा नेम होता. म्हणून नवमीच्या आधी तांबट घरी यायचा. वाद्या सैल करून वरची कातड्याची पुडी काढायचा, आत लोखंडी दांड्याचं टोक टेकवायचा आणि ठोकत ठोकत पोचा वर काढायचा. वर्षाकाठी एखादाच पोचा असायचा.

मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा नवमीच्या तोंडावर एकदम तीन पोचे निघाले. आबा डग्गा मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "तुनी पोर हात लावस. ध्यान ठेव."

सासऱ्यांनी असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला ते फार लागलं. मी पोरीला ओढत ओसरीवर आणली आणि एक थप्पड दिली. "मी नही पाडा," ती म्हणाली. खोटं बोलतेस म्हणून मी दुसरी दिली. आबा डग्ग्याकडे बघत राहिले. दुसऱ्या थपडेला तरी ते 'राहू दे' म्हणतील अशी माझी अपेक्षा होती.

दिवाळीनंतर एका दुपारी मी माजघरात मिरच्या खुडत होते. पोर शेजारी खेळायला गेलेली. दाराच्या फटीतून मला आबा दिसले. ते कोनाड्यातून डग्गा काढत होते आणि त्यांचा डावा हात थरथरत होता, अगदी कोपरापर्यंत. डग्गा हातून निसटला आणि पाटाच्या कडेवर आपटला. त्यांनी आधी माझ्या दाराकडे पाहिलं. मग खाली बसून पोचा अंगठ्यानं चोळला, आणि डग्गा कोनाड्यात ठेवताना पोच्याची बाजू भिंतीकडे केली.

माझा संताप संताप झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही माझ्या हातून. तरातरा बाहेर जाऊन तोंडावर बोलायचं म्हणून मी उठलेसुद्धा. पण आबा आपला डावा हात उजव्या हातानं दाबून बसले होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्या हाताशिवाय म्हाताऱ्याजवळ दुसरं काय होतं? मी परत मिरच्यांपाशी जाऊन बसले. उद्या बोलू, असं ठरवलं. पोरीला मी जवळ घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले. तुझी चूक नव्हती, एवढं काही म्हटलं नाही. लहान आहे, विसरेल, असं वाटलं.

ती विसरली नाही. डग्ग्याच्या कोनाड्यावरून जाताना हात पाठीमागे बांधून जायची. पुढं पुढं तर भरला तांब्या उचलायचा तरी "मी घेऊ का?" म्हणून विचारायची. दरवर्षी तांबट आला की परसात जाऊन बसायची. पोचे वाढतच होते, पण वाजवायला बसले की आबांचा हात अजून सावरायचा.

ती तेरा वर्षांची असताना तांबटानं डग्गा उन्हात धरून बघितला आणि खाली ठेवला. "आबा, पत्रा पातळ व्हई गया. आते हातोडी मारी तर फुटी जाई."

त्या गुरुवारी आबांनी मंडळींना सांगितलं, नातीनं लहानपणी डग्ग्याची वाट लावली, आता मी वाजवत नाही. मंडळी हळहळली. दुसऱ्या डग्ग्यावर वाजवा, असा आग्रह झाला, तर म्हणाले, गुरूचा सोडून दुसऱ्याला हात लावणार नाही. त्यांचा मान राहिला. पोर तेव्हा सुपारीचं तबक घेऊन दारात उभी होती.

दोन वर्षांनी, त्या काळच्या रीतीप्रमाणे, तिचं लग्न ठरलं, जळगावजवळ पिंप्राळ्याला. आबा तोवर अंथरुणाला खिळले होते. निघायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या पाया पडायला गेली. मी औषधाचा पेला घेऊन मागं होते. तिनं पायावरचं डोकं उचललंच नाही.

"आबा, तुमना डग्गा मी पाडा व्हता. माले माफ करा."

आणि ती सांगत सुटली. कशी चवड्यांवर उभी राहिली, कसा हात पुरला, पाटाच्या कडेवर कसा आवाज झाला. एवढ्या वर्षांत तिला ते खरंच आठवायला लागलं होतं. मी तोंड उघडलं. आबांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं जाणून आहे, हे त्यांना त्या वेळी कळलं असावं. मग त्यांनी तो थरथरता हात तिच्या केसांवर ठेवला.

"जाऊ दे, पोरी. मी ते इसरीबी गऊ."

ती डोळे पुसत बाहेर आली. कित्येक वर्षांत तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

"आई, आबांनी माफ केलं."

मी म्हटलं, "बरं झालं."